गोल्फ सेटमधली रिकामी जागा: वेज घेताना काय मोजावं, काय पाहावं

ग्रीन, म्हणजे होलच्या भोकाभोवतीचा बारीक कापलेल्या गवताचा भाग, ९० यार्डांवर आहे. पिचिंग वेज (वेज म्हणजे जवळच्या अंतरावर चेंडू उंच उडवून टाकणारा क्लब) पूर्ण मारला तर चेंडू ग्रीनच्या मागच्या झाडीत जातो. सँड वेज पूर्ण मारला तर पुढच्या बंकरमध्ये, म्हणजे वाळूच्या खड्ड्यात, पडतो. मग पिचिंग वेज हातात घेऊन 'जरा हळू' मारायचं ठरतं. हळू मारण्याच्या नादात खाली येता येता हात थबकतात, क्लब चेंडूच्या आधी मातीत रुततो आणि चेंडू वीस यार्डांवर जाऊन थांबतो. गोल्फ सुरू करून वर्ष-दीड वर्ष झालेल्या खेळाडूच्या एका राउंडमध्ये हा प्रसंग तीन-चार वेळा तरी येतो. माझ्या खेळात तो दोन वर्षं येत राहिला आणि दोन्ही वर्षं मी स्विंग सुधारायच्या मागे होतो. रेंजवर, म्हणजे सरावाच्या मैदानावर, बादल्यांमागून बादल्या चेंडू मारले. प्रत्यक्षात माझ्या पिशवीत पिचिंग वेज आणि सँड वेज यांच्यामध्ये तीस यार्डांचं भगदाड होतं आणि ते कुठल्याही सरावाने बुजणारं नव्हतं.

तयार सेट घेऊन किंवा कुणाचा वापरलेला सेट घेऊन खेळायला लागलेल्या आणि आता 'अजून एक वेज घ्यावा का, घ्यावा तर कोणता' या प्रश्नाशी आलेल्या खेळाडूंसाठी हे लिहितो आहे. दुकानात जाण्याआधी घरी आणि रेंजवर करायचं काम जास्त आहे. ते नीट झालं तर दुकानातलं काम पंधरा मिनिटांचं.

हे भगदाड पडलं कसं

वेजवर अक्षरं कोरलेली असतात. पीडब्ल्यू म्हणजे पिचिंग वेज, एसडब्ल्यू म्हणजे सँड वेज, एलडब्ल्यू म्हणजे लॉब वेज. मधल्या गॅप वेजला तर एक नावही नाही: कुणी त्यावर ए कोरतं, कुणी जी, पिंग यू कोरते, क्लीव्हलँड डीडब्ल्यू. या अक्षरांचा अर्थ सगळीकडे सारखा असेल असं आपण गृहीत धरतो आणि चूक तिथेच होते.

क्लबचा चेहरा मागे किती कललेला आहे त्या कोनाला लॉफ्ट म्हणतात. लॉफ्ट जास्त, तर चेंडू उंच जातो आणि जवळ पडतो. पन्नासेक वर्षांपूर्वी पिचिंग वेजचा लॉफ्ट ५० अंशांच्या आसपास असे. आजच्या, विशेषतः नवख्यांसाठी बनवलेल्या सेटमध्ये तो ४३-४४ अंशांवर आला आहे, काहींत त्याहूनही खाली. पिंगच्या जी४३० सेटमध्ये तो ४१ अंश आहे. टायटलिस्टच्या टी१०० मध्ये, जो सेट मुरलेल्या खेळाडूंसाठी आहे, तो ४६ अंश आहे. दोन्हींचं नाव पिचिंग वेज, पण फरक पाच अंशांचा, म्हणजे एका अख्ख्या क्लबहून जास्त.

यात फसवणूक आहे असं मी मानत नाही. नव्या आयर्नमध्ये, म्हणजे आकड्यांनी ओळखल्या जाणाऱ्या धातूच्या क्लबांमध्ये (आकडा मोठा तसं अंतर कमी), वजन खाली आणि मागे ठेवलेलं असतं, त्यामुळे चेंडू आपोआप उंच उडतो. तो फार वर जाऊ नये म्हणून लॉफ्ट कमी करावा लागतो. अर्थात '७ आयर्न दहा यार्ड जास्त जातो' हे विक्रीला सोयीचं आहे, हेही खरं. मात्र या सगळ्या घसरणीत सँड वेज जागचा फारसा हललाच नाही. तो अजून ५४ ते ५६ अंशांवरच आहे, कारण बंकरमधून चेंडू काढायला तेवढा लॉफ्ट लागतोच. वरचे सगळे क्लब एकेक पायरी पुढे सरकले, शेवटचा मागेच राहिला, आणि मध्ये जागा रिकामी पडली.

पायरी १: तुमच्या पीडब्ल्यूचा खरा लॉफ्ट शोधा

सेटचं नाव आणि तो साधारण कोणत्या वर्षीचा आहे हे कळलं की कंपनीच्या संकेतस्थळावर लॉफ्टचा तक्ता सापडतो. वर्ष महत्त्वाचं आहे. एकाच मालिकेच्या दोन पिढ्यांत पीडब्ल्यू दोन-तीन अंशांनी बदललेला असू शकतो.

सेट वापरलेला असेल तर तक्त्यावर थांबू नका. फोर्ज केलेले, म्हणजे घडीव लोखंडाचे क्लब मऊ असतात आणि वर्षानुवर्षं मॅटवर आपटून त्यांचा कोन एखाददोन अंशांनी सरकतो. आधीच्या मालकाने मुद्दाम वाकवून घेतलेले असण्याचीही शक्यता असते. क्लब दुरुस्त करणाऱ्यांकडे लॉफ्ट आणि लाय (दांड्याचा जमिनीशी होणारा कोन) मोजायचं यंत्र असतं. त्यावर ९ आयर्न, पीडब्ल्यू आणि असेल तो सँड वेज असे तिन्ही मोजून घ्या. आकडे वहीत लिहा. पुढच्या सगळ्या पायऱ्या या तीन आकड्यांवर उभ्या आहेत.

पायरी २: कॅरी मोजा, आणि प्रामाणिकपणे मोजा

लॉफ्टचे आकडे दिशा दाखवतात, पण वेज निवडायचा असतो तो यार्डांवरून. त्यातही चेंडू हवेतून जाऊन पहिल्यांदा जिथे टेकतो ते अंतर, म्हणजे कॅरी, महत्त्वाचं. मे महिन्यात कडक जमिनीवर पडलेला चेंडू पंधरा यार्ड घरंगळतो आणि ऑगस्टमध्ये तोच पडल्या जागी रुततो. घरंगळणं धरून मोजलेलं अंतर म्हणून भरवशाचं नसतं.

लाँच मॉनिटर, म्हणजे चेंडूचा वेग आणि अंतर मोजणारं यंत्र, मिळाला तर उत्तम. सिम्युलेटर असलेल्या ठिकाणी अर्धा तास घेतला तरी पुरतो. तो नसेल तर रेंजफाइंडर (अंतर मोजणारी दुर्बीण) आणि एक मित्र एवढ्यावर भागतं: तुम्ही मारा, मित्राने चेंडू टेकलेली जागा पाहावी. पावसाळ्यात हे काम सोपं होतं, कारण टेकलेल्या जागी खड्डा दिसतो.

९ आयर्न, पीडब्ल्यू आणि सँड वेज, प्रत्येकाने बारा चेंडू मारा. अगदी चुकलेले, शेंड्यावर लागलेले किंवा मातीत अडकलेले, बाजूला काढा. उरलेले अंतराच्या क्रमाने लावून मधला आकडा घ्या. सर्वांत लांब गेलेला चेंडू मनात घर करून बसतो, पण तो महिन्यातून एकदा जातो. वेजने सगळा जोर लावून मारायचंही नाही. तोल न जाता, शेवटपर्यंत उभं राहता येईल एवढ्याच जोराने मारा. कोर्सवर तुम्ही तसंच मारणार आहात.

रेंजवरचे चेंडू झिजलेले असतात आणि बहुधा कमी जातात. त्यामुळे आकडे एकटे पाहू नका, त्यांच्यातलं अंतर पाहा. उंचीचाही थोडा परिणाम होतो: पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटरवर आहे, तिथे चेंडू मुंबईच्या मानाने दोनेक टक्के जास्त जातो. शंभर यार्डांत दोन यार्ड. येरवड्याला खेळणाऱ्याने चेंबूरला जाताना हे लक्षात ठेवावं, पण त्यापायी वेज बदलायची गरज नाही.

माझे आकडे असे आले होते. ९ आयर्न ११७ यार्ड. पीडब्ल्यू, जो ४३ अंशांचा निघाला, १०५. सँड वेज, ५६ अंशांचा, ७४. वरच्या दोन क्लबांत बारा यार्डांचा फरक, खालच्या दोन क्लबांत एकतीस. कागदावर हे तीन आकडे एकाखाली एक लिहिले त्या संध्याकाळी मला माझ्या खेळाबद्दल जेवढं कळलं तेवढं आधीच्या दोन वर्षांत कळलं नव्हतं.

पायरी ३: पिशवीत जागा किती उरते ते मोजा

नियमाप्रमाणे राउंडला चौदाच क्लब नेता येतात. ही मर्यादा अमेरिकेत १९३८ साली आणि ब्रिटनमध्ये १९३९ साली आली. त्याआधी पंचवीस-तीस क्लब घेऊन फिरणारे खेळाडू होते आणि ते ओझं कॅडीच्या खांद्यावर असे. आज पंधरावा क्लब सापडला तर स्ट्रोक प्लेमध्ये, म्हणजे एकूण फटके मोजायच्या प्रकारात, नियम मोडलेल्या प्रत्येक होलसाठी दोन स्ट्रोक, जास्तीत जास्त चार, असा दंड बसतो.

ड्रायव्हर, ३ वूड, ५ वूड, एक हायब्रिड, ५ ते ९ असे पाच आयर्न, पीडब्ल्यू आणि पटर. झाले अकरा. म्हणजे पीडब्ल्यू सोडून आणखी तीन वेज मावतात. तीन मावतात म्हणून तीन घेतलेच पाहिजेत असं नाही. नव्या खेळाडूला पीडब्ल्यूखेरीज दोन वेज पुष्कळ झाले असं माझं स्पष्ट मत आहे. जास्त क्लब म्हणजे प्रत्येक वेळी जास्त विचार, आणि नवख्याच्या हातून विचार जास्त झाला की फटका बिघडतो.

५ आयर्न खरोखर वापरता का, हेही याच वेळी स्वतःला विचारा. शेवटच्या दहा राउंडमध्ये तो किती वेळा बाहेर निघाला? शंभर यार्डांच्या आतून मात्र आपण प्रत्येक होलला खेळतो.

पायरी ४: अंश वाटून घ्या

साधा हिशोब असा की दोन लागोपाठच्या वेजमध्ये चार ते सहा अंशांचं अंतर ठेवावं. ते यार्डांत किती होतं हे तुमच्या स्विंगच्या वेगावर ठरतं. ज्याचा ७ आयर्न १७० यार्ड जातो त्याला पाच अंशांत तेरा-पंधरा यार्ड मिळतात, म्हणून त्याने चार-पाच अंशांवर वेज ठेवावेत. ज्याचा ७ आयर्न ११० यार्ड जातो त्याला चार अंशांत जेमतेम सहा-सात यार्डांचा फरक पडेल. त्याने जवळजवळचे वेज घेतले तर दोन क्लब एकच काम करत राहतील. त्याच्यासाठी सहा-सात अंशांची पायरी योग्य.

माझ्यासारख्या मधल्या खेळाडूचं उदाहरण पुढे नेतो. पीडब्ल्यू ४३, सँड वेज ५६, मध्ये तेरा अंश. तेराचे दोन भाग केले की मधला वेज ४९ किंवा ५० अंशांचा येतो. मी ४९ अंशांचा घेतला, तो ९० यार्ड जाऊ लागला आणि उतरंड १०५, ९०, ७४ अशी बसली. कमीत कमी खर्चात होणारी दुरुस्ती हीच: असलेला सँड वेज ठेवायचा आणि मध्ये एकच क्लब घालायचा.

सँड वेज झिजलेला असेल किंवा नसेलच, तर वरून सुरुवात करा. ४३ च्या खाली ४८, त्याखाली ५४. हे दोन झाले की थांबा. वर्षभराने तिसरा हवासा वाटला तर ५८ किंवा ६० ची जागा मोकळी आहेच. पीडब्ल्यू ४६ अंशांचा असेल तर ५१ आणि ५६, किंवा ५० आणि ५५, कुठलीही जोडी चालेल. एखाददोन अंशांसाठी अडून बसू नका. बाजारात सम आकड्यांचे वेज सहज मिळतात आणि अंश-दोन अंश वाकवून घेता येतात, त्याबद्दल पुढे सांगतो.

आता ६० अंशांच्या लॉब वेजबद्दल. टीव्हीवर दिसणारा, चेंडू जवळपास सरळ वर उडवून ग्रीनवर अलगद ठेवणारा फटका याच क्लबचा असतो, त्यामुळे नव्या खेळाडूचा जीव त्यावर जडतो. टॉम काइट या अमेरिकी व्यावसायिकाने १९८० च्या दशकात तो पिशवीत ठेवायला सुरुवात केली तेव्हा तो तिथे नवलाचा होता. एवढ्या लॉफ्टच्या क्लबला चूक सोसत नाही. चेंडू थोडा खाली लागला तर क्लब त्याच्या खालून निसटतो आणि चेंडू दोन फूट पुढे पडतो. धार लागली तर तो ग्रीन ओलांडून पलीकडच्या बंकरमध्ये जातो. पहिली दोन वर्षं लॉब वेज घेऊ नका. ग्रीनजवळून ५६ ने चिप, म्हणजे छोटा, बुटका फटका, करायला शिका, पीडब्ल्यूने चेंडू घरंगळवायला शिका. त्यातून हात तयार होतो.

पायरी ५: बाउन्स

लॉफ्टइतकीच, काही कोर्सवर त्याहून जास्त, महत्त्वाची गोष्ट, आणि नवे खेळाडू हिच्याकडे बघतही नाहीत.

सँड वेज सपाट फरशीवर शाफ्ट, म्हणजे दांडा, सरळ उभा धरून टेकवा आणि डोळा जमिनीपाशी नेऊन पाहा. पुढची धार फरशीला टेकलेली नसते, ती किंचित वर असते. टेकतो तो तळाचा, म्हणजे सोलचा, मागचा फुगीर भाग. तळाने जमिनीशी केलेल्या या कोनाला बाउन्स म्हणतात. तो ४ ते ६ अंश असेल तर कमी, ७ ते १० मध्यम, त्याहून जास्त असेल तर भरपूर.

त्याचा उपयोग काय? धार आधी लागली तर क्लब खुरप्यासारखा जमिनीत घुसतो. फुगीर तळ आधी लागला तर क्लब जमिनीवरून सरकतो. हे मुद्दाम करून दाखवण्याचं श्रेय जीन सॅराझेन या अमेरिकी खेळाडूला देतात. विमान वर झेपावताना शेपटीकडचा भाग खाली जातो आणि नाक वर येतं हे त्याने पाहिलं आणि त्यावरून निब्लिक नावाच्या जुन्या क्लबच्या तळाला मागच्या बाजूने डाग देऊन धातूची भर घातली. तो क्लब घेऊन त्याने १९३२ ची ब्रिटिश ओपन जिंकली. आजचा प्रत्येक सँड वेज त्या डागाचा वंशज आहे.

जमीन मऊ, वाळू भुसभुशीत, किंवा तुमचा क्लब तिरका, वरून खाली खणत येणारा असेल, तर बाउन्स जास्त हवा. जमीन कडक, वाळू ओली आणि घट्ट बसलेली, किंवा तुम्ही चेंडू जमिनीवरून अलगद खुडणारे असाल, तर कमी. कडक जमिनीवर जास्त बाउन्सचा क्लब आपटून उसळतो आणि धार थेट चेंडूच्या पोटात बसते.

महाराष्ट्रात खेळणाऱ्यांची अडचण अशी की आपली जमीन वर्षातून दोन रूपं घेते. जून ते सप्टेंबर ती मऊ असते. काळ्या मातीच्या भागात तर चिकट, आणि खारघरसारख्या डोंगराच्या कुशीतल्या कोर्सवर पावसाचं पाणी वरून उतरत राहतं. एप्रिल-मेमध्ये जिथे पाणी कमी पडतं तिथे फेअरवेची, म्हणजे होलच्या मधल्या कापलेल्या गवताच्या पट्ट्याची, फरशी होते. बंकरचंही तेच, फक्त उलट: उन्हाळ्यात वाळू सुकून भुसभुशीत आणि पावसात दबून घट्ट. दोन ऋतूंसाठी दोन सेट कुणी घेत नाही. म्हणून माझा सल्ला असा: ५४ किंवा ५६ चा वेज १० ते १२ बाउन्सचा घ्या आणि गॅप वेज ८ ते १० चा. कडक जमिनीवर ग्रीनजवळ चिप करायची वेळ आली की सँड वेज बाजूला ठेवून गॅप वेज काढा, त्याचा तळ कमी उसळतो. पुढे कधी ५८-६० घेतलात तर त्याचा बाउन्स सँड वेजपेक्षा कमी घ्या, म्हणजे पिशवीत दोन्ही प्रकार राहतील.

गवताबद्दलही एक सांगायचं आहे. गोल्फच्या जगात जिला बर्म्युडा म्हणतात ती आपल्या बांधावरची हरळी, गणपतीला वाहतो ती दूर्वा. शेतकऱ्याला ती का नकोशी असते हे आठवा: आडव्या मुळ्या आणि धावते दोर एकमेकांत गुंतून चिवट जाळं होतं. गवताचा कल तुमच्याकडे असेल आणि तुम्ही त्याविरुद्ध चिप करत असाल, तर पातळ धारेचा क्लब त्या जाळ्यात हमखास अडकतो. हरळीवर खेळणाऱ्या नव्या खेळाडूने म्हणूनच बाउन्सची काटकसर करू नये.

तुम्ही खणणारे आहात की खुडणारे, हे कळायला डिव्हॉट पाहा. चेंडूपुढे निघालेला गवताचा तुकडा जाड आणि खोल असेल तर खणणारे. गवत नुसतं चाटून गेलं असेल तर खुडणारे. हे गवतावरच पाहायचं. मॅटवर बाउन्स कधीही तपासू नका. मॅटवर चेंडूच्या दोन इंच मागे क्लब टेकला तरी तो सरकत पुढे जातो आणि फटका चांगला बसल्यासारखा वाटतो. तोच फटका फेअरवेवर मातीत थांबतो. बहुतेक रेंजवर मॅटच असते, तेव्हा गोल्फ क्लबच्या सराव-ग्रीनशेजारी दहा चेंडू मारू देतात का ते विचारा.

बंकरच्या वाळूचा अंदाज मात्र पायांनी घ्या. नियमानुसार हाताने किंवा क्लबने वाळू चाचपता येत नाही, पण उभं राहण्यासाठी पाय रोवता येतात. पाय सहज खाली गेले तर वाळू सैल आहे, तळ टणक लागला तर घट्ट.

बाउन्ससोबत 'ग्राइंड' हा शब्द ऐकू येईल. तळाची टाच, टोक किंवा मागची कड घासून जो आकार देतात तो ग्राइंड. टायटलिस्टच्या व्होकी वेजवर लॉफ्ट आणि बाउन्सच्या आकड्यांपुढे एफ, एस, एम, डी, के अशी अक्षरं असतात ती त्याचीच. नव्या खेळाडूने यात दोनच गोष्टी लक्षात ठेवाव्यात. चेहरा सरळ ठेवून मारणार असाल तर भरलेला, न घासलेला तळ घ्या. बंकरची भीती असेल तर रुंद तळ घ्या. बाकीचे प्रकार चेहरा उघडून, बंद करून हवे तसे फटके मारणाऱ्यांसाठी आहेत.

पायरी ६: सेटमधलाच वेज की वेगळा?

गॅप वेज तुम्ही बहुतेक वेळा पूर्ण स्विंगने मारणार, म्हणजे तो जवळपास आयर्नसारखाच वापरणार. तेव्हा तुमच्या सेटच्या मालिकेतला गॅप वेज मिळत असेल तर तोच घ्या. मागून पोकळ, चुकलेला फटका सांभाळून घेणारी तीच घडण, तोच शाफ्ट, तेच वजन. पीडब्ल्यूवरून त्यावर येताना हाताला फरक जाणवत नाही. मी पहिल्यांदा वेगळ्या घडणीचा सुंदर, पातळ गॅप वेज घेतला होता. चेहऱ्याच्या मधोमध लागला की अप्रतिम, जरा बाजूला लागला की बारा यार्ड कमी. शेवटी तो एका मित्राला दिला आणि सेटमधला आणला.

सँड वेजचं वेगळं आहे. तो अर्ध्या स्विंगने, बंकरमधून, गवतातून, नाना तऱ्हांनी वापरला जातो, तिथे खास वेज म्हणून बनवलेला क्लब कामाला येतो. ज्यांना पातळ घडणीचा धाक वाटतो त्यांच्यासाठी मागून पोकळ असलेले खास वेजही निघतात, क्लीव्हलँडची सीबीएक्स मालिका त्यातली. नव्या खेळाडूंना मी हीच सुचवतो.

पायरी ७: शाफ्ट

दुकानात टांगलेल्या बऱ्याचशा खास वेजमध्ये स्टीलचा जड शाफ्ट असतो, न कापलेल्या शाफ्टचं वजन सुमारे १३० ग्रॅम. तुमच्या आयर्नमध्ये ६०-७० ग्रॅमचा ग्राफाइट असेल तर हा वेज हातात वेगळ्याच खेळातला वाटेल. आयर्नच्या शाफ्टपेक्षा थोडा जड चालतो, दुप्पट नको. लांबी ३५ ते ३६ इंचांच्या मध्ये असते आणि ती सहसा बदलायची गरज पडत नाही.

पायरी ८: वापरलेला वेज घेताना

वेज वापरलेला घ्यायला हरकत नाही, पण ड्रायव्हर बघतो तसा वरवर बघून घेऊ नका. वेजचा जीव त्याच्या चेहऱ्यावरच्या खाचांत असतो आणि वाळूने त्या घासल्या जातात. अंगठ्याचं नख खाचांवरून आडवं ओढा. प्रत्येक खाचेत नख अडकलं पाहिजे. चेहऱ्याच्या मध्यभागी ते सरळ घसरलं तर तो वेज कितीही स्वस्त असला तरी सोडा, त्याने मारलेला चेंडू ग्रीनवर थांबणार नाही. तळही पाहा. दगडावर आपटून टोले पडलेले किंवा घासून सपाट झालेला तळ म्हणजे कोरलेला बाउन्स आता उरलेला नाही.

लॉफ्ट अंशभर इकडेतिकडे असेल तर वाकवून घेता येतो. घडीव क्लब दोन अंश सहज वाकतात, ओतीव क्लबला तेवढं करताना सांभाळावं लागतं, काही वाकवूच नयेत. लॉफ्ट जेवढा कमी कराल तेवढा बाउन्सही कमी होतो आणि लॉफ्ट वाढवला तर बाउन्स वाढतो. ५६ अंश लॉफ्ट आणि १० अंश बाउन्सचा वेज ५४ वर आणला तर त्याचा बाउन्स ८ उरेल. वाकवणाऱ्याला हे माहीत असतं, पण घेताना हिशोब आपणच केलेला बरा.

चेंडूचाही थोडा विचार करा. बाहेरून युरेथेनचं आवरण असलेला चेंडू वेजने मारला की चटकन थांबतो, कडक आवरणाचा स्वस्त चेंडू पुढे धावतो. वेज तपासताना तुम्ही नेहमी खेळता तोच चेंडू न्या. दुकानात कुणी महागडा चेंडू पुढे केला तर तो फटका मोजणीत धरू नका.

पायरी ९: घरी आणल्यावर

नवा वेज आणला की पायरी दोनची मोजणी पुन्हा करा, या वेळी तीन मापांनी. एक, मागे जाताना हात कंबरेपर्यंत. दोन, हात छातीपर्यंत. तीन, पूर्ण. जोर वाढवायचा किंवा कमी करायचा नाही, फक्त हात कुठवर गेले ते बदलायचं. पुढे येताना स्विंग नेहमी पूर्ण करायचा. तीन वेज आणि तीन मापं, म्हणजे नऊ अंतरं हाती येतात आणि 'जरा हळू' मारायची वेळच उरत नाही. काही अंतरं एकमेकांवर पडतील, माझा पीडब्ल्यू छातीपर्यंत आणि ४९ पूर्ण जवळपास सारखेच जातात. तिथे वारा पाहून ठरवतो: समोरून वारा असेल तर पीडब्ल्यू, कारण तो चेंडू खालून नेतो.

हे आकडे पांढऱ्या चिकटपट्टीवर लिहून शाफ्टवर ग्रिपच्या खाली लावा. महिनाभर प्रत्येक राउंडनंतर एक खूण करा, कुठल्या वेजने किती फटके मारले आणि कुठले आकडे चुकले. माझ्या पहिल्या पट्टीवरचे तीन आकडे महिन्याभरात बदलावे लागले, तिन्ही कमी करावे लागले. जूनमध्ये पहिले दोन पाऊस होऊन गेले, की पट्टी काढून पुन्हा एकदा मोजा. ओल्या गवतातून मारताना चेहरा आणि चेंडू यांच्यामध्ये पाणी येतं, फिरकी कमी होते आणि उन्हाळ्यात बसवलेले आकडे सरकलेले असतात.